गावाहून पुण्यात आणल्यापासून आबांचं पोट साफ होत नाही

प्रश्न (कोरेगावकर)
आबा 74 वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांना आमच्याकडे पुण्याला आणलं. गावी पहाटे उठले की परसाकडला जाऊन मोकळे व्हायचे. इथे चार-चार दिवस होत नाही. अर्धा तास आत कुंथत बसतात, बाहेर येतात तेव्हा कपाळावर घाम. रात्री चूर्ण घेतात, तेही आता लागू पडेना. विचारलं तर "माझं मी बघतो" म्हणतात. काय करावं?

कोथरूडची सून
दादा, माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. आधी कमोडवर आबांचे पाय नीट टेकतात का बघा. त्यांचा जन्म उकिडवं बसण्यात गेला. उकिडवं बसलं की गुदाजवळचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते; कमोडवर तिला बाक राहतो. आम्ही पायाखाली जेवायचा पाट ठेवला, तो ओल्या फरशीवर सरकला. मग वीतभर उंचीचं, रबरी पायांचं स्टूल आणलं. गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांडीवर, जरा पुढे वाकून. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, कुंथायचं नाही.

दुसरं मला फार उशिरा कळलं. आतड्याला जोर येतो तो सकाळी उठल्यावर आणि चहा-नाश्ता झाल्यावर. नेमकी तीच आमच्याकडे शाळा-ऑफिसची घाई. सासूबाई "तुमचं उरकू दे" म्हणून कळ दाबून बसायच्या. दाबलं की मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि खडा होतो. शेवटी आम्ही सात ते साडेसात संडास फक्त त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. मागायची वेळच येऊ दिली नाही.

रात्री उठावं लागू नये म्हणून आबा पाणी कमी पितात का, तेही बघा. पाणी दिवसा, संध्याकाळच्या आत द्या. भाकरी सुटली असेल तर परत सुरू करा, सोबत पालेभाजी, पेरू, भिजवलेल्या मनुका.

औषधवाला
गोळ्या कोणत्या चालू आहेत? लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही शौचाला घट्ट होतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. थायरॉईडही तपासून घ्या. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती रोज घेऊ नये. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यातच, नाहीतर उलट अडकतं. रक्त पडलं, वजन उतरलं, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा वारा सरणंही थांबलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

कोरेगावकर
ताई, आबांचे पाय अधांतरीच असतात, फक्त चवडे टेकतात. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. लोहाची गोळी दोन महिन्यांपासून चालू आहे. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. स्टूल आजच आणतो.

कोथरूडची सून
बसता-उठताना धरायला भिंतीला दांडीही लावून घ्या. आणि सकाळी हाक मारू नका, दार नुसतं उघडं ठेवा.