मदत हवी आहे: इंटर्नशिपमध्ये स्लंपच्या (काँक्रीट किती पातळ आहे त्या चाचणीच्या) रजिस्टरला चुकीचा आकडा लिहून सही केलीये, आता काय करू?

मंडळी, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एका बिल्डिंगच्या साईटवर सहा आठवड्यांची इंटर्नशिप चालू आहे, हा चौथा. पहिले तीन आठवडे काय केलं तर लेबर मोजले, फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि स्टीलची गाडी आली की व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरला किती किलो ते काढलं (१२ एमएमचं ०.८९, आता झोपेतसुद्धा सांगेन). त्याची तक्रार नाहीये. घाबरलेय ते दुसऱ्याच गोष्टीने.

परवा स्लॅबचं काँक्रीट होतं. दुसरी गाडी आली, मी आणि लॅबवाल्या दादांनी स्लंप घेतला (कोनात माल भरून कोन उचलला की माल किती एमएम खाली बसतो ते) तर ६० आला, ठरलेला १०० ते १२०. ताकद तपासायचे क्यूबपण त्याच मालाचे भरले, १५० एमएमचे सहा. मग पंपवाला ओरडायला लागला की माल चढत नाही, लाईन चोक होईल, आणि ड्रायव्हरने पाण्याचा पाईप सरळ ड्रममध्ये सोडला, किती वेळ ते कोणी बघितलंच नाही. मी आपणहून परत कोन भरला, उचलला तर माल असा पसरला की मोजायला काही राहिलंच नाही, कडेने नुसतं सिमेंटचं पाणी सुटत होतं. साईट इंजिनिअर सर आले, बघितलं, म्हणाले "११० लिही, सही कर, पुढची गाडी घे". मी लिहिलं.

रात्री लक्षात आलं की क्यूब तर पाणी घालायच्या आधीचे आहेत!! म्हणजे २८ दिवसांनी ते मस्त पास होणार आणि स्लॅबमध्ये गेलेला माल वेगळाच. सरांशी वाकडं घेतलं तर सर्टिफिकेटवर त्यांचीच सही लागते. कॉलेजच्या गाईड मॅडमना सांगू? रिपोर्टमध्ये लिहू? का गप्प बसू?

प्रतिसाद १:
गप्प बस. सगळीकडे हेच चालतं, सर्टिफिकेट घे आणि नीघ.

प्रतिसाद २:
वरच्यांचं ऐकू नकोस, सही त्यांची नाहीये. आधी हिशोब बघ. ६ घनमीटरच्या गाडीत समजा ६० लिटर पाणी गेलं तर घनमीटरला १० पडलं. सिमेंट ३५० किलो आणि मूळ पाणी १५८ लिटर धर, पाणी-सिमेंट रेशो (वाढला की ताकद कमी) ०.४५ वरून ०.४८ वर जातो. एवढ्याने स्लॅब पडत नाही गं, पण तू सांगतेस तसा माल पसरला असेल तर ६० लिटरवर भागलेलं नसणार.
आत्ताच्या आत्ता डायरीत गाडी नंबर, चलन (डिलिव्हरीची पावती) नंबर, वेळ आणि तो माल कुठल्या ग्रिडमध्ये (नकाशावरच्या कॉलमच्या ओळींमधला चौकोन) पडला ते लिही. ग्रिड सगळ्यात महत्त्वाचं, उद्या ताकदीचा अंदाज घ्यायला रिबाउंड हॅमर मारायचा किंवा कोर (तपासायला कापलेला तुकडा) काढायचा म्हटलं तर जागा कोण सांगणार? मग साईटवाल्या सरांच्या कानावर घालून क्यूसी (क्वालिटी तपासणाऱ्या) इंजिनिअरकडे जा. साईटवाल्या सरांचं नाव पुढे करू नको, "माझ्याकडून चुकीचा आकडा लिहिला गेलाय" एवढंच बोल. मॅडमना त्याच दिवशी फोन. रजिस्टरमध्ये खाडाखोड अजिबात नको.

धागाकर्ती:
गेले होते काल. चलन काढून बघितलं तर गाडी प्लांटवरून निघून २ तास ४० मिनिटं झालेली, म्हणून माल कडक होता. क्यूसी सर माझ्यावर चिडले नाहीत, म्हणाले अशी गाडी परत पाठवायची, आणि वेळेत असेल तर प्लांटच्या माणसासमोर अ‍ॅडमिक्श्चर (माल पातळ करणारं केमिकल) टाकायचं, पाणी नाही. ती जागा स्लॅबवर ऑइल पेंटने मार्क केलीये, हॅमर २८ दिवसांनी मारणार, तोवर माझी इंटर्नशिप संपलेली असेल. साईटवाले सर सध्या बोलत नाहीयेत माझ्याशी, चहाला पण हाक मारत नाहीत. एक विचारायचं राहिलं, आता त्या ११० चं काय करू?

प्रतिसाद २:
एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेऱ्यात "पाणी घातल्यावर कोलॅप्स" (म्हणजे माल पूर्ण पसरला), आजची तारीख, तुझी सही, शेजारी क्यूसीची.