प्रसामान्य वितरण मुळापासून समजून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू? (नाशिक)

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. बारावीनंतर चौदा वर्षांनी पुन्हा शिकायला घेतलंय. मध्य (सरासरी), मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन (आकडे मध्यापासून साधारण किती पसरलेत ते) इथपर्यंत ठीक चाललं होतं, प्रसामान्य वितरणाला (नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, तो घंटेसारखा वक्र) येऊन अडले. ६८-९५-९९.७ पाठ आहे (मध्याच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन प्रमाण विचलनांच्या आत साधारण इतके टक्के आकडे), पण घंटेसारखा आकार मुळात का येतो, हे कळत नाही. एक क्लास लावला होता, तिथे ‘सूत्र लिहा, मार्क मिळतील’ एवढंच. पुस्तक, क्लास, काहीही सुचवा. रविवारी कॉलेज रोड, गंगापूर रोडपर्यंत येऊ शकते.

निवृत्त_गुरुजी: ताई, क्लास राहू द्या, आधी दहा नाणी घ्या. ते ई आणि पाय असलेलं सूत्र आठवडाभर बाजूला ठेवा. दहाही नाणी एकदम टाका, छापे मोजा, वहीत मांडा. असं शंभर वेळा. दहाही छापे पडायला एकच मार्ग आहे. पाच छाप्यांना मात्र २५२ मार्ग, कारण ती पाच नाणी कोणती, हे तितक्या प्रकारे ठरू शकतं. एकूण मार्ग १०२४. त्यातले ६७२ चार ते सहा छाप्यांतच येतात. मधे गर्दी होते ती म्हणून. अब्राहम द मॉयव्हरने १७३३ मध्ये हा वक्र नाणेफेकीच्या अशाच हिशेबातून काढला. गाउसने १८०९ मध्ये तो आकाशातल्या निरीक्षणांच्या चुकांना लावला आणि पुढे त्याचंच नाव रूढ झालं.

अंबड_क्यूसी: गुरुजींशी सहमत. कारखान्यात नाण्यांच्या जागी छोटी छोटी कारणं असतात: मशीनचा कंप, तापमान, बारमधला फरक, मोजणाऱ्याचा हात. कोणी माप जरा वर ओढतं, कोणी खाली. सगळी एकाच बाजूला ओढतील असं क्वचितच. समजा शाफ्टचा मध्य २०.०० मिमी आणि प्रमाण विचलन ०.०२, तर साधारण ९५ टक्के नग १९.९६ ते २०.०४ मध्ये. तुमच्याच क्वालिटीवाल्यांकडून पन्नास मापं मागून हिस्टोग्राम काढा. मापं एकाच शिफ्टची घ्या. टूल झिजलं की मध्यच सरकतो.

पिंपळगावकर: एकाच प्लॉटातले द्राक्षमणी मोजले तर घंटा बऱ्यापैकी दिसते. पण ताई, कांद्याच्या भावाला हे लावू नका. लासलगावचा भाव शून्याखाली जात नाही, वर मात्र कुठवरही जातो. उजवीकडे लांब शेपूट. चार तेजीच्या दिवसांनी फुगलेली सरासरी धरून आम्ही एकदा माल चाळीत ठेवला आणि मार खाल्ला. मध्यक, म्हणजे भाव ओळीने लावल्यावर मधोमध येणारा, तो बघायला हवा होता.

गोदाकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री लेकीला घेऊन शंभर फेऱ्या केल्या. पाच छापे २३ वेळा, चार २१, सहा १९, दहा एकदाही नाही. मार्ग मोजायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता एक शंका. मध्य ६२, प्रमाण विचलन ८, गुण ७८. झेड (गुण मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर) २ आला. त्याच्या खाली किती मुलं? मी ९५ टक्के लिहिलं, उत्तर ९७.७ आहे.

निवृत्त_गुरुजी: ९५ टक्के म्हणजे ४६ ते ७८ च्या मधली. ४६ च्या खालची मुलंही ७८ च्या खालीच की! नेमका आकडा ९५.४५, उरलेल्या ४.५५ पैकी निम्मे डावीकडे. ते मिळवा. वक्र काढा, डावी शेपटीही पेन्सिलने रंगवा, आणि मगच झेडचा तक्ता उघडा.