मदत हवी आहे: गाडीच्या टचस्क्रीनवरचा तेलकट डाग कसा काढावा?

वाकडला राहतो, गाडी उघड्यावर असते. आजूबाजूला बांधकामं, त्यामुळे स्क्रीनवर रोज बारीक धूळ. गेल्या आठवड्यात वॉशिंग सेंटरवाल्याने डॅशबोर्डला पॉलिश लावलेलं फडकंच स्क्रीनवरून फिरवलं. तेव्हापासून १०.२५ इंची स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तेलकट पट्टा आहे. उन्हात तिथे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, नकाशा वाचता येत नाही. टच व्यवस्थित चालतो, ओरखडा नाही, स्क्रीनगार्डही नाही.

आतापर्यंत केलेलं: गाडी बंद करून, स्क्रीन थंड झाल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवली, मग कोरडं मायक्रोफायबर. नंतर तसल्याच दुसऱ्या कापडावर डिस्टिल्ड वॉटर घेऊन हलक्या हाताने पुसलं (आमचं बोअरचं पाणी जड आहे, पांढरे डाग पडतात, म्हणून ते टाळलं). बोटांचे ठसे गेले, पट्टा तसाच.

काच पुसायचा स्प्रे वापरणार नाही. बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया असतो आणि त्याने स्क्रीनवरचं चकाकी कमी करणारं कोटिंग खराब होऊ शकतं. मॅन्युअलमध्ये फक्त 'मऊ कोरडं कापड' एवढंच लिहिलंय. घरात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, पण स्क्रीन मॅट (चकचकीत नसलेली) आहे, म्हणून हात धजावत नाही. माझ्या लॅपटॉपची स्क्रीनही मॅट आहे, तिच्यावर कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी ठसे उमटलेत. तिथेही हाच प्रश्न.

हा नुसता पॉलिशचा थर आहे की कोटिंगच उडालंय, हे ओळखायचं कसं? आणि थर असेल तर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब पुरेल, की मॅट स्क्रीनवर अल्कोहोल कुणी प्रत्यक्ष वापरलंय?