लग्नातली गाणी आणि कॉपीराइट : सूट नेमकी कुणाला?

तेरेखोल : लग्नाचा सीझन आला की गोव्यात हा वाद पेटतोच, म्हणून माझं मत आधीच मांडतो. घरच्या लग्नात वाजणाऱ्या गाण्यांसाठी कुणीही पैसे मागू नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडए) आहे. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर ते उल्लंघन नाही, आणि वरात व लग्नाचे इतर सोहळेही त्यातच धरावेत, असं तिथेच लिहिलंय. याच आधारावर गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं होतं, की लग्नासाठी हॉटेलांनी किंवा कॉपीराइट सोसायट्यांनी (गाण्यांच्या हक्कदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थांनी) परवानगी वा रॉयल्टी मागायची नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. पण परिपत्रक गेलं म्हणून कलम गेलेलं नाही!

भाचीच्या लग्नात साउंडवाल्याचे बॉक्स लागले, माइक चेक झाला, पाहुणे दारात, आणि हॉलचा मॅनेजर म्हणतो, "आधी लायसन्सची पावती दाखवा, नाहीतर लाइट देणार नाही." मेहुण्याने मुकाट्याने पैसे भरले. त्या घटकेला कोण भांडत बसणार? ही सरळ सरळ अडवणूक आहे.

सुरावट : मी रिसेप्शनच्या बँडमध्ये वाजवतो, चालीही बांधतो, त्यामुळे मला हे अजिबात मान्य नाही. डेकोरेशन, केटरिंग, दारू, सगळ्यांची बिलं निमूट भरली जातात. गाण्याची वेळ आली की मात्र कलम आठवतं. २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराने हक्क निर्मात्याला लिहून दिले तरी त्याचा रॉयल्टीतला वाटा शाबूत राहतो. पण वसुलीच झाली नाही तर वाटा कशातून काढणार?

तुमच्या भाचीचं लग्न बाजूला ठेवू. बाहेरच्या पार्ट्या इथे येऊन तीन दिवस अख्खं रिसॉर्ट घेतात. दुपारी पूल पार्टी, रात्री मुंबईहून आणलेला डीजे. ती पूल पार्टी धार्मिक समारंभात बसते का?

तेरेखोल : पैसेवाल्यांचं लग्न हेही लग्नच. कायद्याने खर्चाची मर्यादा घातलेली नाही. आणि त्या पावतीतला एक रुपया तरी तुमच्या चालीपर्यंत पोचतो का, ते सांगा.

सुरावट : पोचत नसेल तर हिशेब मागू या. वसुली बंद करणं हा त्यावर इलाज नाही. रात्रभर काय काय वाजवलं त्याची यादी डीजेने दिली पाहिजे. यादीच नसेल तर कोंकणी-मराठी गाण्यांचा वाटा निघणार कसा?

आल्तिनोकर : वकिली करतो, म्हणून एक खुलासा. त्या निकालाने लग्नवाल्यांवर रॉयल्टी बसवलेली नाही. परिपत्रक काढून कायद्याचा अर्थ लावायचा अधिकार सरकारला नाही, एवढा त्याचा गाभा. कुठला कार्यक्रम सुटीत बसतो हे त्या त्या प्रकरणात कोर्ट बघेल. पूल पार्टीबाबत माझं मत सुरावट यांच्यासारखंच आहे.

पण पावती मागणाऱ्यालाही प्रश्न विचारा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. बँड प्रत्यक्ष वाजवत असेल तर ध्वनिमुद्रणाचे पैसे कशाचे? तुमच्याकडे कोणत्या गाण्यांचे हक्क आहेत, ते दाखवायला लावा. नोंदणीकृत सोसायटीने दरपत्रक जाहीर करणं कलम ३३ए प्रमाणे बंधनकारक आहे.

साउंडवाला म्हापसा : तुमचं कायद्याचं चालू दे, नोटीस येते ती आम्हाला आणि हॉटेलला. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, संगीताचे सगळे परवाने पार्टीने काढायचे. पार्टी ते वाचत नाही, मॅनेजर आयत्या वेळी घाबरतो, आणि आम्ही वायरी गुंडाळून उभे. जे काय मागायचं ते बुकिंगच्या दिवशी, लेखी मागा.

तेरेखोल : बुकिंगच्या दिवशी लेखी, हे मान्य. मग निदान नकार द्यायला, वकिलाला विचारायला वेळ मिळेल. पण मुहूर्त, संगीत, रिसेप्शन यांचे पैसे मी तरीही देणार नाही.

सुरावट : ते नका देऊ. पूल पार्टीचे मात्र आम्ही मागणारच.