तबकड्यांचा हिशेब कोणी मागायचा?

अ-३०२ : ब-१०१ काकांना नमस्कार. 'अमेरिकी सरकारने परग्रहवासीयांचे यान आपल्या ताब्यात असल्याची कबुली दिली' हा संदेश काल रात्री साडेअकराला पुन्हा एकदा गटावर आला. मागच्या वेळी यावरून काय झाले ते सर्वांना आठवत असेलच. ही कबुली कोणी आणि केव्हा दिली, एवढे तरी कृपया लिहावे.

ब-१०१ : ताई, आपण विचारलेत म्हणून लिहितो. डेव्हिड ग्रश हे अमेरिकी हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी २६ जुलै २०२३ रोजी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर बोलले आहेत. तेही पुरेसे नसेल, तर 'ब्लू बुक' या अमेरिकी हवाई दलाच्या उडत्या तबकड्यांच्या चौकशीत उलगडा न झालेल्या ७०१ प्रकरणांचे काय, ते सांगा.

अ-३०२ : शपथ ग्रश यांनी घेतली, सरकारने नव्हे. आणि त्यांनीही यान स्वतः पाहिल्याचे म्हटलेले नाही. ज्यांच्याशी बोललो त्यांनी असे सांगितले, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

ब-४०४ : निवृत्त लेखापरीक्षक या नात्याने मला यानापेक्षा पावतीत अधिक रस आहे. यू-२ या हेर विमानाचेच पाहा. फेब्रुवारी १९५५ मध्ये सीआयएच्या रिचर्ड बिसेल यांनी सुमारे साडेबारा लाख डॉलरांचा धनादेश लॉकहीड कंपनीच्या कार्यालयात न पाठवता तिचे मुख्य अभियंता केली जॉन्सन यांच्या घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवला. आणि यात गैर काही नव्हते, कारण १९४९ च्या कायद्याने त्या संस्थेच्या प्रमुखाला गोपनीय खर्चासाठी केवळ स्वतःच्या सहीचा दाखला पुरेसा ठरवून दिला होता.

खजिनदार : आप्पा, आपल्या सोसायटीत धनादेशावर दोन सह्या लागतात, याची नम्रपणे आठवण करून देतो. रोख माझ्याकडे असल्यास स्पष्ट सांगावे.

ब-४०४ : रोख लॉकहीडकडे आहे. आपल्याला का लागावा, हे मला समजले नाही.

क-२०३ : आजोबा, यातूनच तबकड्यांचाही उलगडा होतो. त्या काळातली बहुतेक प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात, आणि यू-२ साठ हजारांच्या वर. प्रवासी विमानाच्या वैमानिकाभोवती संध्याकाळचा अंधार पडलेला असताना, त्याच्या कितीतरी वर असलेल्या यू-२ च्या चंदेरी पंखांवर मात्र अजून ऊन चमकत असे. आणि एवढ्या उंचीवर माणूस उडू शकतो हेच ठाऊक नसल्याने तो रीतसर तक्रार नोंदवी. 'ब्लू बुक'चे अधिकारी सीआयएकडे विचारणा करून ताळा जुळवत, पण तक्रारदाराला खरे उत्तर देऊ शकत नसत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकापर्यंतच्या निम्म्याहून अधिक तक्रारी या हेर विमानांमुळे होत्या, असे सीआयएनेच १९९७ मध्ये प्रसिद्ध केले.

ब-१०१ : म्हणजे जी संस्था इतकी वर्षे लोकांना खोटी उत्तरे मिळू देत होती, तिचाच शब्द आता प्रमाण मानायचा! आणि १९५२ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या रडारवर जे दिसले, तेव्हा तर यू-२ जन्मालाही आले नव्हते. ७०१ चे उत्तर अद्याप आलेले नाही.

अ-३०२ : हा मुद्दा मात्र खरा आहे. यू-२ प्रथम उडाले ऑगस्ट १९५५ मध्ये, त्यामुळे सगळेच त्याच्यावर ढकलता येणार नाही. परंतु एकूण तक्रारी १२,६१८ होत्या, हे काका कधीच लिहीत नाहीत. ७०१ म्हणजे शंभरात सहासुद्धा नव्हेत.

ब-१०१ : 'अपुरी माहिती' हा वर्ग त्यात वेगळा होता, ताई. ७०१ त्याच्या बाहेरची आहेत. शंभरात सहा म्हणून सोडून द्यायची का?

सचिव : सर्वांना विनंती की गट देखभालीच्या सूचनांसाठी आहे. तरीही विचारतो, रडारला सहज न दिसणारे एफ-११७ हे गुप्त लढाऊ विमान त्या ७०१ मध्ये असेल का?

क-२०३ : नाही, सचिवसाहेब. 'ब्लू बुक' १९६९ मध्ये बंद झाले आणि एफ-११७ ने पहिले उड्डाण १९८१ मध्ये केले. नेवाडा राज्यातील टोनोपाहच्या तळावरून ते बहुतेक रात्रीच उडवत, आणि सरकारने ते मान्य केले नोव्हेंबर १९८८ मध्ये, तेही एका धूसर छायाचित्रासह. उलट 'ऑरोरा' हे नाव १९८५ च्या अर्थसंकल्पी कागदात चुकून छापले गेले, त्यावर अतिवेगवान विमानाच्या कथा उठल्या, आणि लॉकहीडच्या गुप्त विभागाचे प्रमुख राहिलेले बेन रिच यांनी पुढे लिहिले की ते बी-२ बॉम्बफेकी विमानाच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या निधीचे सांकेतिक नाव होते.

ब-४०४ : मी म्हणतो ते हेच. रक्कम कागदावर, वस्तू अदृश्य. मग मधली जागा ज्याने त्याने आपल्या कल्पनेने भरली. रिचर्डसन नावाच्या करदात्याने सीआयएचा हिशेब राज्यघटनेच्या आधारे मागितला, तेव्हा करदाता म्हणून आपल्याला तो अधिकारच पोहोचत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. हेर उपग्रह सांभाळणारी एनआरओ ही संस्था १९६१ पासून होती, पण तिचे अस्तित्व मान्य झाले १९९२ मध्ये. आणि दोनच वर्षांनी तिच्या तीस कोटी डॉलरांहून अधिक खर्चाच्या मुख्यालयाचा आकडा पाहून देखरेख करणारे सिनेटरच चकित झाले. आता काकांच्या यानाकडे येतो. तबकड्यांसाठी म्हणून अलीकडे जो निधी उघड झाला, तो २००७ नंतरचा, २ कोटी २० लाख डॉलरांचा. तो सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने मिळाला आणि कंत्राट गेले त्यांच्याच नेवाडातील, त्यांच्या परिचयाचे उद्योजक रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीला.

ब-१०१ : आणि परग्रही यानांच्या अभ्यासासाठीचा 'कोना ब्लू'? ते तर संरक्षण खात्याच्याच मार्च २०२४ च्या अहवालात आहे. तेही काल्पनिक का?

ब-४०४ : तो निव्वळ प्रस्ताव होता, काका. गृहसुरक्षा खात्याने तो फेटाळला, त्याला पैसा मिळाला नाही आणि तपासायला यानाचा तुकडाही कोणी आणून दिला नाही, असे तोच अहवाल सांगतो. आपण पाठवलेल्या संदेशात हा परिच्छेद गाळलेला दिसतो.

ब-१०१ : संदेश मी लिहिलेला नाही, पुढे पाठवला आहे. ७०१ विषयी बोला.

खजिनदार : क्षमस्व, मधेच बोलतो. 'परिचयाच्या व्यक्तीच्या कंपनीला कंत्राट' हे वाक्य गेल्या सभेतला रंगकामाचा विषय डोळ्यांसमोर ठेवून लिहिले नसावे, अशी आशा करतो.

ब-४०४ : बिगेलो आपल्या सोसायटीत राहत नाहीत, खजिनदारसाहेब. तरी आपण विचारलेतच म्हणून सांगतो, त्यांच्या त्या कंत्राटासाठी निविदा एकच आली होती.