नागपूरचा इतिहास की नागपुरात आलेल्यांचा?

बुधवारी ते बर्डी

नागपूरच्या स्थलांतरित वस्त्यांवर मी पीएच.डी.चा आराखडा तयार केला आहे. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, तेव्हापासून 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येईपर्यंतचा काळ मी घेतला आहे. कागदपत्रांइतकेच महत्त्व मी मुलाखतींना दिले आहे. आराखडा वाचून एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला विचारले, "हा नागपूरचा इतिहास आहे की नागपुरात येऊन राहिलेल्यांचा?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आता सुचले आहे ते या चर्चेत मांडते, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांनी अवश्य लिहावे.

माझ्या मते हा भेद नागपूरच्या बाबतीत टिकत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी लहान लहान वाड्या एकत्र करून हे शहर वसवले, तेव्हाच त्याने बाहेरच्या कष्टकरी आणि कसबी लोकांना आपल्या राज्यात वसण्यास उत्तेजन दिले होते. पुढे रघुजी भोसले आले. त्यांचे घराणे साताऱ्याकडच्या देऊरचे. त्यांच्या आगेमागे जी मराठी कुटुंबे महाल या भागात स्थिरावली, त्यांनाच आज आपण 'मूळ नागपूरकर' म्हणतो. 1867 मध्ये रेल्वे आली, 1 जानेवारी 1877 रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी वसाहत उभी राहिली. या प्रत्येक टप्प्यावर आलेली माणसे बाजूला ठेवली, तर नागपूरचे म्हणून जे उरेल ते शहर नसेल, नुसती जागा असेल.

मोडी वाचक

आपला उत्साह मला आवडला, परंतु भूमिका मान्य नाही. सगळेच बाहेरून आले असे म्हटले की 'बाहेरून येणे' या शब्दाला काही अर्थच उरत नाही, आणि त्यात सर्वांत मोठा अन्याय गोंडांवर होतो. ज्यांचे राज्य होते, ज्यांनी तलाव बांधले, तट घातला, त्यांना आपण आगंतुकांच्या रांगेत पहिल्या क्रमांकावर उभे करून मोकळ्या होता. गोंड राजवटीवर नागपुरात किती काम झाले आहे ते पाहा, आणि मग विषय निवडा.

दुसरा आक्षेप साधनांविषयी आहे. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत. मोडी शिकायला वेळ लागतो आणि मुलाखत एका दुपारी होते, म्हणून अलीकडे बहुतेक विद्यार्थी विसाव्या शतकाकडे वळतात. हा आरोप मी आपल्यावर करत नाही, पण प्रवाह तसा आहे. मुलाखतीतून जे हाती लागते त्याला घरची आठवण म्हणावे. महालातल्या कोणत्याही जुन्या घरी विचारा, त्यांचे पूर्वज रघुजीराजांबरोबरच आलेले असतात. त्यांच्यानंतर पन्नास वर्षांनी कोणी आलेच नाही, असे वाटू लागते. भोसल्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांचा 1827 चा अहवाल, 1908 चे जिल्हा गॅझेटियर, दर दहा वर्षांच्या जनगणनेतील जन्मस्थान आणि मातृभाषा यांची कोष्टके, हे आधी वाचून संपवावे. त्यांनी सांगितले नाही तेवढ्यापुरतेच माणसांना विचारावे.

पारडी नाका

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझे आजोबा आजच्या छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातून नागपूरला आले आणि गिरणीत लागले. घरात त्याला 'कमाए-खाए' जाणे म्हणत. 'स्थलांतर' हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला.

मोडी वाचक यांनी कागदावर एवढा विश्वास टाकला आहे, म्हणून एक सांगतो. आजोबांचे जे हजेरीचे कार्ड आमच्या पेटीत आहे, त्यावर कारकुनाने त्यांच्या गावाचे नाव आडनाव म्हणून लिहिले आहे, आणि तेही मराठी वळण देऊन. आजोबांना वाचता येत नव्हते. तेच नाव पुढे वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर चढले आणि आज माझ्या आधार कार्डावर आहे. उद्या कोणी त्या कार्डावरून आमच्या कुटुंबाचा इतिहास लिहिला, तर आम्ही मराठी मुलखातले एक घर ठरू. कागद खोटा नाही, पण आजीने सांगितले नसते तर तो खरेही बोलला नसता.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत नागपूर हे रायपूर, दुर्ग आणि बिलासपूरचेही राजधानीचे शहर होते, आधी मध्य प्रांताची आणि 1950 नंतर मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून. माझे आजोबा परप्रांतात आले नाहीत, आपल्याच राजधानीत आले. दुसऱ्या दिवशी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि ते घरातून न हलता परप्रांतीय झाले. माणूस तेथेच होता, सीमा हलली. हे त्या शहराच्या इतिहासात नसेल तर कोठे असेल?

आजही ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर, सकाळी जा. छत्तीसगडी बोलणारे मजूर तेथे उभे असतात, आणि त्यांना 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांत माझ्यासारख्यांची मुलेही आहेत. हे मला फार लागते.

तांडापेठकर

मी या संशोधनाच्या विरोधात लिहितो आहे, आणि माझे कारण मोडी वाचक यांच्यापेक्षा वेगळे आहे. आमचे घर विणकरांचे. माग आता राहिलेला नाही, पण वडिलांनी विणलेले करवती काठाचे लुगडे अजून ठेवले आहे.

'तुम्ही कोठून आणि कधी आलात' हा प्रश्न संशोधकाला निरुपद्रवी वाटतो. आमच्या भागात तो तसा नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासूनचे या राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. पारडी नाका यांनी वर्णन केलेल्या कुटुंबांपैकी जे एखाद-दोन वर्षे उशिरा आले, त्यांच्या नातवंडांचे काय होते याचा विचार करा. आणि विणकर वस्तीत तर हलबा कोष्टी समाज अनुसूचित जमातीत मोडतो का या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी निकाल दिल्यापासून किती घरांनी जुने कागद शोधण्यात आयुष्याची वर्षे घालवली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खानेसुमारीच्या जुन्या ग्रंथांत एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने आमच्याबद्दल लिहिलेली ओळ शंभर वर्षांनी वकिलाच्या तोंडी येते.

आता ही ताई येईल, चहा घेईल, आमची आजी विश्वासाने सांगेल की आम्ही अमुक साली अमुक गावाहून आलो. ते प्रबंधात छापले जाईल, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढेल, आणि कोणीही तो उघडून वाचू शकेल. आजीचे साल चुकलेले असले तरी ते छापील साल होईल. याची जबाबदारी कोण घेणार?

जरीपटका

तांडापेठकर यांची भीती खरी आहे, तरी उशीर करण्याचीही किंमत असते. 1947 मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते, त्याने केव्हाच ऐंशी ओलांडली आहे. सिंधमधून येताना आमच्या घरी घराच्या किल्ल्यांशिवाय फारसे काही आले नाही. कागद मागितले तर दाखवणार काय? आमच्या बाबतीत 'आधी कागद, मग माणूस' हा क्रम लावला, तर कागद मिळेपर्यंत माणूस नसेल.

बुधवारी ते बर्डी

दोन दिवस मी उत्तर दिले नाही, कारण तांडापेठकर काकांच्या प्रश्नाने माझ्या आराखड्याची एक बाजू कोसळली आणि ती घाईने उभी करण्याची माझी इच्छा नव्हती.

आधी मोडी वाचक सरांविषयी. गोंडांबद्दलचा आक्षेप मी स्वीकारते. 'सगळेच आलेले' हे वाक्य सोपे होते आणि ते मी काढले आहे. मात्र साधनांचा जो क्रम आपण सांगता तो मला मान्य नाही. कामठीची छावणी 1821 ची. तेथे मद्रास फौजेच्या पलटणी असत, आणि त्यांच्यामागून तेलुगू आणि तमिळ कुटुंबे आली. पलटणीचा कागद शिपायाला ओळखतो. त्याची बायको, भिस्ती, धोबी, पलटण परतल्यावर मागे राहिलेली घरे, यांना तो ओळखेलच असे नाही. उलट ज्यांना इंग्रजी येत होते त्यांचा माग सहज लागतो: वकील म्हणून नागपुरात नाव मिळवलेले बिपिन कृष्ण बोस 1923 मध्ये नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यामुळे धंतोलीच्या बंगाली समाजाबद्दल वाचायला मिळते, बंगाल नागपूर रेल्वेच्या रुळांवर खडी टाकणाऱ्यांबद्दल मिळत नाही. कागद आधी संपवून मग माणसांकडे जायचे ठरवले, तर मी कोणाकडे जायचे हेही कागदच ठरवतील. पारडी नाका यांचे हजेरी कार्ड त्यांच्या आजीशिवाय वाचताच येत नाही. दोन्ही साधने एकाच बैठकीत समोर हवीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

जनगणनेची कोष्टके मी वाचली आहेत. 1901 मध्ये शहराची लोकसंख्या 1,27,734 होती. त्याआधीच्या पाच वर्षांत मध्य प्रांताने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ पाहिले होते. जन्मस्थानाच्या रकान्यात जिल्हा कळतो, पण तो माणूस उपाशी म्हणून आला, गिरणीत जागा आहे असे ऐकून आला की आधी आलेल्या मेहुण्याने बोलावले म्हणून आला, हे त्या रकान्यात नाही.

आता काका, आपल्याविषयी. आपला आक्षेप टाळण्यासारखा नाही. नावे बदलून भागणार नाही, कारण तांडापेठेत किंवा नाईक तलावाकडे गल्ली आणि धंदा सांगितला की घर ओळखू येते. म्हणून मी प्रश्नावलीतील 'आगमनाचे वर्ष' हा रकाना काढून टाकला आहे. त्याऐवजी 'नागपुरातले पहिले घर कोठे होते आणि शेजारी कोण होते' हा प्रश्न घातला आहे. लिहिलेला मजकूर त्या घरात बसून वाचून दाखवीन, आणि ते जे काढा म्हणतील ते काढीन.

तांडापेठकर

वाचून दाखवणार हे चांगले. पण घरात कोणाला विचारणार? आजी हो म्हणेल आणि दाखल्यासाठी धावणारा नातू नाही म्हणेल. नातवाचे ऐकले पाहिजे, असे माझे मत आहे.

पारडी नाका

माझे मत याच्या उलट आहे. आठवण आजीची आहे. नातवाने 'नाही' म्हटल्यामुळे जर ती गप्प बसली, तर कारकुनाने जे केले तेच आम्ही घरात करू.

मोडी वाचक

आपण साल काढून टाकले हे मला पटलेले नाही, आणि ते स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. कालनिर्देश नसलेली मुलाखत हृद्य असेल, तरी इतिहासाचे साधन म्हणून तिला उभे राहता येणार नाही; कोणते घर रेल्वेच्या आधीचे आणि कोणते गिरणीनंतरचे हे कळले नाही, तर आपण शहर कसे वाढले ते सांगणार कसे? साल घरापुरते लपवा, पण वस्तीपुरते द्या. एका मोहल्ल्यातील तीस घरांच्या मुलाखती मिळून एक दशक ठरत असेल, तर ते छापण्याने कोणत्याही एका घरावर बोट ठेवले जात नाही. तांडापेठकर यांना हेही मान्य नसेल, तर त्यांनी कारण लिहावे. मला ते समजून घ्यायचे आहे.

पारडी नाका यांच्या हजेरी कार्डाचे छायाचित्र पाहायला मिळाले तर आनंद होईल. गावाचे नाव आडनावाच्या जागी मी भोसल्यांच्या कागदांतही पाहिले आहे, आणि ती आजवर मी लेखकाची सवय समजत आलो. आता ते कागद पुन्हा काढून पाहणार आहे.