प्रतिसाद: ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते

दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून पण ब्रेक मारल्यावरच गाडी डावीकडे जाते म्हणताय, तर मग अलाइनमेंटवर अजून पैसे घालवू नका, आधी उजवं पुढचं चाक खोलून कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बघा. डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक उजवा ब्रेक कमी लागतोय. आपल्याकडे मालवण-देवगड पट्ट्यात खारी हवा, त्यात गाडी पावसाळाभर अंगणात उभी, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना गंजून जाम होतातच, मग ब्रेक नीट लागत नाही. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा, साधं ग्रीस नको, पिनांवरचं रबर फुगतं त्याने (गॅरेजवाले हमखास तेच फासतात!). ब्रेक न मारता पण ओढत असेल तर टायरमधली हवा बघा, पुढचे डावे-उजवे टायर अदलाबदल करून बघा. थोडीशी डावीकडे जाणं मात्र रस्त्याच्या कडेकडे असलेल्या उतारामुळे पण असतं.